उडगूम म्हणजे काय, हे मला माहीत होतं

अक्का,

पेपरात तुझ्या फोटोखाली काय छापायचं, असं तुझ्या मंगेशनं विचारलं, तेव्हा मी पाच मिनिटांत चार ओळी लिहून दिल्या. नांदेडच्या रेल्वे ऑफिसात तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रंच लिहिलीत, हात बसलेला आहे. मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक वृत्तीच्या. धार्मिक? एकादशीला भगरीबरोबर हिरव्या मिरचीचा कांदा घातलेला ठेचा खाणारी तू! पण छापून आलं आणि सगळे म्हणाले, मामांनी छान लिहिलं. तुझा पोरगा माझ्या गळ्यात पडून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. तेव्हा मला तुझ्या भाषेत सांगायचं झालं तर घुमटूल आला होता, आणि तो दुःखाचा नव्हता.

घुमटूल म्हणजे काय, हे आता जगात मला एकट्यालाच माहीत आहे. गळ्याशी येऊन अडकलेलं, ना खाली जाणारं ना बाहेर पडणारं रडू. हा शब्द तुझा. बाकीचेही बहुतेक तुझेच. फक्त पहिला माझा.

मी बोलायला उशिरा लागलो आणि लागलो तो अडखळत. क आणि प ही अक्षरं तर निघायचीच नाहीत. मान ताणायचो, डोळे मिटायचो, आणि तोवर समोरचा हसायला लागलेला असायचा. अण्णा म्हणायचे, "नीट बोल, न्हाईतर बोलूच नको." मी दुसरं निवडलं. पाच वर्षांचा असेन. उदगीरला मावशीकडं लग्न होतं. तिथल्या पोरांनी मला मांडवाच्या कोपऱ्यात गाठलं होतं आणि माझ्यासारखं "प-प-प" करत माझ्याभोवती नाचत होती. तू आलीस. नऊ वर्षांची, परकर खोचलेली. दोघांना ढकललंस, माझ्यासमोर उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, "काय पायजे तुला? शब्द येत नसला तर कायबी म्हण. मला कळतंय."

मी म्हणालो, "उडगूम."

कुठून आला तो, देव जाणे. पण न अडखळता आला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून एक अख्खा शब्द असा सरळ बाहेर पडला होता. तू क्षणभर बघितलंस, मग माझा हात धरलास, आईकडं गेलीस आणि पोट लई दुखतंय म्हणून असा गोंधळ घातलास, की जेवणाची पंगत बसायच्या आधीच आपण घराकडं निघालो. बुंदी राहिली म्हणून तू रस्ताभर रुसली होतीस. पण उडगूम म्हणजे 'मला इथून घेऊन चल, घरी जाऊ', हे तेव्हापासून ठरलं.

मग तू मला शब्द करून द्यायला लागलीस. मी कुठं अडतो ते तुला पाठ होतं. ती अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला येऊ न देता तू शब्द जुळवायचीस. टिंबाळ म्हणजे दुसऱ्यासाठी राखून ठेवलेला घास. अर्धा जांब, गुळाचा खडा, काहीही. झोपेचं सोंग घेतलेल्याला तू किरमुट म्हणायचीस. यात मुद्दाम क सुरुवातीलाच घालून बघू, म्हणालीस, आणि महिनाभर माझ्याकडून "हा किरमुट, तो किरमुट" असं म्हणवून घेतलंस. नाक फुगवून मोठेपणा करणारा तो फेंदरशेट. पंचवीस-तीस शब्द झाले असतील. तुझ्याशी बोलता बोलता मी साधे शब्दही बोलायला लागलो. शाळेत गुरुजींनी उठवलं, की तू खिडकीबाहेरून दिसायचीस. तुझा वर्ग सोडून आलेली. ओठ हलवायचीस. त्यासाठी किती वेळा छड्या खाल्ल्यास, हे मी कधी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस.

तुला सातवीनंतर घरी बसवलं. मी शिकलो. नांदेडला कॉलेजात गेलो, तेव्हा पहाटे उठून गोदावरीच्या घाटावर जायचो आणि मोठ्यानं पेपर वाचायचो. दोन वर्षांत अडखळणं इतकं कमी झालं, की नव्या माणसाला कळायचंही नाही. मला वाटायला लागलं, हे मी एकट्यानं केलं.

त्याच वर्षी तू आलीस. नुकतं लग्न झालं होतं, दाजी बरोबर होते. हॉस्टेलच्या खोलीत माझे चार मित्र बसले होते. तू दारातूनच ओरडलीस, "सुद्या, तुझं टिंबाळ आणलंय बघ!" हातात धपाट्यांचं गाठोडं. सगळे वळले. एकानं विचारलं, "टिंबाळ? हे काय असतं रे?" आणि मला सांगता येईना. 'काही नाही' एवढंच म्हणायचं होतं. क वर अडलो. मान ताणली, डोळे मिटले. दोन वर्षांनी, त्या पोरांसमोर.

वर्षभर मला तिथं टिंबाळच म्हणत होते.

तुम्हाला एसटी स्टँडवर सोडायला आलो, तेव्हा मी तुला बाजूला घेतलं. दाजी केळी घ्यायला गेले होते. मी म्हणालो, "अक्का, हे असलं येडपट बोलणं माझ्यासमोर पुन्हा करायचं न्हाई."

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसतं "बरं" म्हणालीस. मग विचारलंस, "धपाटे तरी खाशील न्हवं?"

पुढं तू पाळलंसही ते. माझ्या लग्नात, घराच्या वास्तूला, अण्णा गेले तेव्हा. माझ्याशी साधं बोलायचीस, जरा जपूनच, पाहुण्याशी बोलावं तसं. एकदाच मोडलंस. माझी ऋतुजा तीन वर्षांची होती आणि आम्ही दिवाळीला देवणीला तुझ्याकडं आलो होतो. दुपारी बघतो तर ती तुझ्या मांडीवर, आणि तू तिला शिकवून राहिलीस, "हे अर्धं तुझं, आन हे अर्धं मंगेशदादाचं टिंबाळ." पोरगी खदाखदा हसत म्हणत होती. मी तिला ओढून घेतलं.

"पोरीला नीट मराठी बोलू दे, अक्का. माझ्यासारखं व्हायचंय का तिला?"

तू माझ्याकडं बघितलंस. "तुझ्यासारखं म्हंजे कसं रे?"

तू शेवग्याच्या शेंगा निवडायला लागलीस आणि खाली बघूनच हळू म्हणालीस, "फेंदरशेट." हसत नव्हतीस. ते भांडण तिथंच राहिलं. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. पण त्या दिवसापासून तू पोरांना काही शिकवलं नाहीस. म्हणून तर आपले शब्द दोघांच्या पुढं गेलेच नाहीत. तुझ्या सख्ख्या पोरालाही त्यातला एक येत नाही, आणि दाजींनाही नाही. हे मी केलं. तेव्हा मला ते घरातली एक घाण झाडून काढल्यासारखं वाटलं होतं.

संक्रांतीच्या आधी दाजींचा फोन आला. तुला लकवा मारला होता. सकाळी चुलीपुढं बसल्या जागी कलंडलीस. मंगेश लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्यानं तिथल्या एका दवाखान्यात नेलं. मी नांदेडहून बसनं पोचलो तर दारातच सिस्टर म्हणाली, "आजी शुद्धीवर आहेत, पण काहीतरीच बोलतात." उजवा हात गेला होता, तोंड एका बाजूला ओढलं होतं. दाजी कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभे. म्हणाले, "माझं नाव बी येईना रे तिला. मंगेशचं येईना."

मला बघून तुझे डोळे हलले. डावी मूठ हळूहळू उघडलीस. आत अर्धं बिस्किट होतं, घामानं लगदा झालेलं. आणि अगदी स्वच्छ म्हणालीस, "टिंबाळ."

सगळी मराठी गेली होती, अक्का. नवऱ्याचं नाव, लेकराचं नाव, भाकर, चूल, दुखतंय, सगळं. उरले होते ते हे शब्द. मी ते बिस्किट खाल्लं. दाजींनी विचारलं, "काय म्हनली?" मी म्हणालो, "खा म्हणाली." दाजी रडले. त्या दिवशी मी तुझं बोलणं दुसऱ्याला खरं सांगितलं. तेवढंच एकदा.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाचे होणारे सासू-सासरे भेटायला आले. लातूरचेच. सोयरीक जवळजवळ ठरली होती, साखरपुड्याची तारीख काढायची होती. बाई बोलक्या, पण नजर बारीक. त्या तुझ्या खाटेजवळ स्टुलावर बसल्या. तू माझं मनगट धरलंस, डाव्या हातानं, आणि म्हणालीस, "उडगूम." मी हसून तुझा हात थोपटला. तू पुन्हा म्हणालीस. जोरात. "उडगूम! उडगूम!"

"काय म्हणून राहिल्यात त्या?" बाईंनी विचारलं.

मला सांगता आलं असतं. 'घरी जायचं म्हणते' असं एक वाक्य. पण तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं असतं. मग सगळं आलं असतं. उदगीरचा मांडव, नाचणारी पोरं, मान ताणून उभा असलेला मी. या घरात बोलण्याचं काही तरी आहे, एक तोतरा आणि एक अशी, असं त्या बाईंनी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. मी म्हणालो, "डोक्यावर परिणाम झालाय ना, तसंच काहीतरी बडबडते. त्याला अर्थ नसतो."

तू माझं मनगट सोडलंस.

त्याच सकाळी डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं, यांना बोलता येत नाही, पण ऐकलेलं बरंच कळतंय.

तिथंही थांबता आलं असतं. तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. वही घेऊन खाटेजवळ बराच वेळ बसल्या. मग मला, मंगेशला आणि दाजींना बोलावलं. "चार-पाच आवाज आहेत, ते त्या परत परत काढतात," त्या म्हणाल्या. "दर वेळी अगदी तेच. हे मला उगीच वाटत नाही. तुमच्या घरात काही खास शब्द होते का, लहानपणचे वगैरे? असतील तर सांगा. तिथूनच धरून आपल्याला बोलणं पुन्हा शिकवता येईल."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. "सुधाकर, तुमच्या घरचं असंल तर तुला ठाऊक."

काल मी सगळ्यांसमोर अर्थ नसतो म्हणालो होतो. मंगेश तिथंच उभा होता. आज अर्थ आहे म्हटलं, तर काल काय होतं?

"नाही," मी म्हणालो.

हा शब्द मला अजिबात अडला नाही.

मी वळलो तेव्हा तू माझ्याकडंच बघत होतीस. तोंड वाकडं, पण डोळे तेच, शाळेच्या खिडकीतले. आणि म्हणालीस, "किरमुट."

डॉक्टरीणबाईंनी तोही वहीत लिहून घेतला. "बघा, हा नवीन," म्हणाल्या. मी मान हलवली.

पुढं दवाखान्यातून तुला मंगेशच्या फ्लॅटवर नेलं. चौथा मजला. पोरगं तुझ्यासाठी राबलं, सुनेनं तर काही म्हणता काही कमी केलं नाही. रोज व्यायाम करून घेणारा माणूस यायचा. मी दर रविवारी नांदेडहून यायचो. तू पलंगावरून दाराकडं तोंड करून पडलेली असायचीस, आणि कुणी चप्पल घातली की म्हणायचीस, "उडगूम." जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचीस. दूधवाल्यालाही. त्यांना वाटायचं निरोप देतेय. नात हात हलवून म्हणायची, "उडगूम, आजी!" मी तिथं बसून चहा प्यायचो.

दुसऱ्या रविवारी दाजी हळूच म्हणाले, "तिला गावी न्यावं असं वाटून राहिलंय मला. आपल्या अंगणात बसली असती जरा."

मंगेश म्हणाला, "अप्पा, देवणीत तिच्याकडून रोजचा व्यायाम कोण करून घेणार? मामा, तुम्हीच सांगा."

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. तूसुद्धा. मी म्हणालो, "इथंच बरं आहे. थोडं सुधारू दे, मग बघू."

खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. व्यायामाची गरज होतीच. मी स्वतःलाही तेच सांगत बसमध्ये बसलो. पण निर्णय तुला विचारायचा होता, आणि तुझं उत्तर त्या खोलीत फक्त मला येत होतं.

चौथ्या रविवारी मी ठरवून आलो होतो. मंगेशला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं. बसमध्ये वाक्य पाठ केलं, घाटावर पेपर वाचायचो तसं. खोलीत आलो, तू एकटीच होतीस. मी वाकलो, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या कानाशी म्हणालो, "अक्का, उडगूम?"

तू डोळे मिटलेस. झोप नव्हती ती. पापण्या हलत होत्या. मी किती तरी वेळ उभा राहिलो. तू उघडले नाहीस. मग सून चहा घेऊन आली आणि मी मंगेशला काहीच सांगितलं नाही. मनात म्हटलं, आता तिचीच इच्छा राहिलेली दिसत नाही. स्वतःला सोडवायला माणसाला किती कमी लागतं! त्यानंतरच्या रविवारी तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मंगळवारी सकाळी, सून केस विंचरत असताना, तू गेलीस.

देवणीला तुला आणलं ते ॲम्ब्युलन्समधून. अंगणात ठेवलं. तुझी गाय दावं ताणत होती. बायका म्हणाल्या, जनावराला कळतंय. मी तिकडं बघितलं नाही.

तेराव्याची जेवणं उरकली, पाहुणे पांगले. दाजी गोठ्यात कडबा टाकत होते. मी गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. उदगीरच्या मांडवापासून. बोलताना चार-पाच ठिकाणी अडलो, अक्का. क वर, प वर. दाजींनी मला पूर्वी असं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी वाक्य पुरं करून दिलं नाही, घाई केली नाही. कडब्याची पेंढी हातात धरून उभे राहिले.

"म्हंजे तिला घरी यायचं होतं," ते म्हणाले.

"हाव."

"आन तुला ठाऊक होतं."

"हाव."

त्यांनी पेंढी सोडली, गव्हाणीत पसरली. मला वाटलं, मारतील. त्यांनी मारावं असंच वाटत होतं. मी म्हणालो, "मंगेशलाही सांगतो आत्ता."

"न्हाई," दाजी म्हणाले. आवाज चढला नाही, पण माझ्याशी ते असं कधी बोलले नव्हते. "त्याला सांगायचं न्हाई. त्यानं लई केलंय आईचं. त्याला वाटंल, आपन तिला कोंडून ठिवली. तुझं हलकं व्हावं म्हणून पोराच्या उरावर दगड ठिवू नको."

मी मान खाली घातली. माझी माफी मागायची घाईसुद्धा माझ्यासाठीच होती, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून हे फक्त तुला लिहितोय, अक्का. तुझे सगळे शब्द, आठवले तेवढे, वेगळ्या वहीत अर्थासकट उतरवून काढलेत. सव्वीस भरले. ऋतुजाला दिलीय ती वही. तिनं वाचली आणि विचारलं, "मग तुम्ही डॉक्टरांना का नाही सांगितलंत?" वहीत ते नव्हतं. तिनं स्वतः ताडलं. मी तिला तुझ्याबद्दल बाकी सगळं सांगितलं, आणि तेवढं सोडून उठलो.

पण त्या दिवशीचं अजून राहिलंय. मी गोठ्यातून निघालो, तेव्हा दाजींनी हाक मारली.

"आन ओलमू म्हंजे काय?"

"काय?"

"ओलमू. शेवटल्या आठ-धा दिवसांत सारखी म्हनायची. तू नसताना. मला वाटलं पानी मागतीय. मी चमच्यानं पाजायचो, ती प्यायची. पन प्याल्यावर बी म्हनायची. माझ्याकडं बघून."

मी आठवलं. खरंच सगळे शब्द आठवले, पहिल्यापासून. त्यांत तो नव्हता. आपल्यात तो कधीच नव्हता. तो तू त्या चौथ्या मजल्यावर, अर्ध्या जिभेनं, नवा केला होतास. आणि माझ्यासाठी केला नव्हतास.

"मला ठाऊक नाही, दाजी," मी म्हणालो.

दाजी माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिले. मी खरं बोलत होतो. पण ते त्यांना पटवायला माझ्याकडं काहीच नव्हतं.